कोणतं पुस्तक फाटलं?



पुस्तक चांगलं का वाईट हे ठरवायला आपल्यापुढं दोन तराजू आहेत. एक प्रस्थापितांचा. त्यात कलात्मकता, तटस्थता, रसनिष्पत्ती असली वजनं. तो आपण कधीच फेकून दिला, बरं केलं. दुसरा आपला. त्यात एकच वजन : लेखक आपला का त्यांचा? आपला असला की 'ज्वलंत', 'विद्रोही', 'दाहक वास्तव', आणि टाळ्या. मी म्हणतो, हाही तराजू खोटा आहे.

मी दहावी नापास. मळवलीत राहतो, कामशेतला भाताच्या गिरणीत पोती उचलतो आणि कविता करतो. वाचायला शिकलो ते विहारातल्या लोखंडी कपाटापाशी. त्या कपाटाची किल्ली तीन वर्षं माझ्याकडं आहे. कोणतं पुस्तक किती फाटलं, मला ठाऊक आहे. फाटलेलं पुस्तक खोटं बोलत नाही.

सगळ्यात आधी फाटलं 'फकिरा'. अण्णाभाऊंनी १९५९ साली ही कादंबरी दिली, आणि बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. गिरणीतला माझा जोडीदार ती लोकलमध्ये वाचायचा. एकदा मळवलीला उतरायचा राहिला, थेट लोणावळ्याला गेला. म्हटलं, काय एवढं आवडलं? तर म्हणाला, "पुढं काय व्हतंय ते कळल्याबिगर सोडवंना. आन् उपाशी माणसांसाठी धान्य लुटलं ना, तवा पोतं मीच उचललंय आसं वाटलं." कुणी ह्याला रंजन म्हणेल. म्हणू दे. कादंबरीकडं वाचक गोष्ट मागतो. दुसऱ्याच्या अंगात शिरायला मागतो. त्यात लाज कसली?

आत्मकथनाला तोच वाचक वेगळा प्रश्न करतो : खरं सांगतोस ना? सगळं? १९७८ साली 'बलुतं' आलं तेव्हा आपल्यातल्याच काही शिकलेल्यांना ते झोंबलं. घरचा उकिरडा चारचौघांत कशाला उकरायचा, असं त्यांचं म्हणणं. पण दया पवारांनी त्यात स्वतःलाही सोडलं नाही, म्हणून ते टिकलं. बेबीताई कांबळे फलटणला दुकान चालवायच्या. घरच्यांपासून लपवून त्यांनी 'जिणं आमुचं' लिहिलं, ते पुस्तक म्हणून १९८६ साली आलं. त्यात सुनेच्या पायात लाकडी खोडा घालणारे कोण आहेत? सवर्ण नाहीत. आपलेच आहेत. हे मी माझ्या आत्याला वाचून दाखवलं. आत्या बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "ही बाई माझ्या सासूला वळखत व्हती का काय?" आत्मकथनाची किंमत मला त्या दिवशी कळली. नुसतं त्यांच्याकडं बोट दाखवलं असतं तर आत्या रडली असती. गप्प झाली नसती.

विचारग्रंथाचं आणखी निराळं. वर्षावासात आम्ही विहारात 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचतो. मावळचा पाऊस, पत्र्यावर धडधड, वाचणाऱ्याला ओरडावं लागतं. बाबासाहेबांनी त्यात परिच्छेदांना आकडे घातलेत. मागं बसलेली म्हातारी म्हणते, "ते बारावं परत वाच." म्हातारा, रोगी आणि प्रेत पहिल्यांदाच बघून सिद्धार्थानं घर सोडलं, ही जुनी गोष्ट बाबासाहेबांना पटत नाही. ते रोहिणी नदी पुढं आणतात. पाण्यावरून शाक्य आणि कोलीय भांडले, सिद्धार्थानं युद्धाला विरोध केला, त्यातून त्याचं घर सुटलं. पाण्याचं भांडण मावळाला काय सांगायचं? पवनेच्या बंद जलवाहिनीला विरोध करायला ९ ऑगस्ट २०११ रोजी लोक बऊरला द्रुतगती महामार्गावर उतरले. पोलिसांनी गोळ्या घातल्या. तीन जीव गेले. म्हणून रोहिणीचा भाग आला की आमच्याकडं वाचन अडतं, प्रश्न सुरू होतात. तसं अडायलाच पाहिजे. विचारग्रंथाकडं वाचक रडू मागत नाही. मध्येच थांबवून विचारायची मुभा मागतो.

आता कविता. इथं माझंच माप काढतो.

'गोलपिठा' (१९७२) वाचलं तेव्हा निम्मे शब्द कळले नाहीत. तरी मुळापासून हादरलो. कारण ते शब्द ढसाळांनी स्वतः जगलेल्या गल्ल्यांतले होते. उसने नव्हते. आणि मी काय केलं? तेच शब्द उचलले. मावळात बसून कामाठीपुऱ्याची कविता केली. १४ एप्रिलला स्टेजवर म्हटली. टाळ्या पडल्या. घरी येताना आत्या म्हणाली, "रगत हाय, सूर्य हाय, ज्वालामुखी हाय, समदं हाय. पर बाबा, ह्यात तू कुठं हायस? रोज केसात तूस घिऊन येतोस, ते कुठं हाय?"

मला राग आला. तीन दिवस तिच्याशी बोललो नाही. चौथ्या दिवशी कविता परत वाचली. आत्याचं खरं होतं. टाळ्या मला पडल्या होत्या, कवितेला नाही.

मळवली स्टेशनाच्या एका बाजूला भाजे, दुसऱ्या बाजूला कार्ला. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराचा लेख आहे, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. वेणुवासाचा मुलगा सामी, ह्यानं हे दार केलं. एवढंच. लोक आधी दार बघतात, मग नाव वाचतात. दार वाकडं असतं तर नाव वाचायला कोण थांबलं असतं?

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. ज्या त्या पुस्तकाला त्याचा त्याचा प्रश्न विचारा. कादंबरीला विचारा, तू मला दुसऱ्याच्या अंगात नेलंस का? आत्मकथनाला विचारा, काय लपवलंस? विचारग्रंथाला मध्येच अडवा. कवितेला विचारा, तू कुठं हायस? आपला आहे म्हणून कुणाला पास करू नका. त्यांनी आपल्याला न वाचता नापास केलं. आपण आपल्याला न वाचता पास करायला लागलो, तर फरक काय राहिला?

सुरुवात माझ्यापासून करा. माझ्या कवितांची वही मी त्याच कपाटात ठेवली आहे. वर्ष झालं. अजून तिचं एकही पान दुमडलेलं नाही.

जयभीम.