क्रीडासमालोचनातील स्तुतीची भाषा : ‘असणे’ आणि ‘करणे’

खेळाचे समालोचन हा वाङ्मयप्रकार मानला जात नाही. तथापि बोलीच्या अभ्यासकाला त्याइतके उपयुक्त साहित्य क्वचितच मिळेल. समालोचकाला विचार करून शब्द योजण्यास अवसर नसतो. चेंडू पडतो, चढाई होते, शर्यत संपते आणि त्याच क्षणी वाक्य उच्चारावे लागते. अशा वेळी जिभेवर येतात ते तयार साचे, आणि तयार साच्यांत समाजाची तयार मते साठवलेली असतात. बाळ ज. पंडित व वि. वि. करमरकर यांच्यासारख्यांनी आकाशवाणीवरून हा प्रकार मराठीत रुजविला. क्रिकेटसारख्या परक्या खेळाची हकीकत मराठीत सांगता येते, हे त्यांनी सिद्ध केले. त्यानंतर दूरचित्रवाणीमुळे समालोचनाचा पसारा फार वाढला. या पसाऱ्यातील एकच प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे : समालोचक खेळाडूच्या शारीरिक क्षमतेची स्तुती करतो तेव्हा तो नेमके काय म्हणत असतो?

प्रथम व्याकरणाकडे पाहणे इष्ट ठरेल. ‘त्याच्या अंगात जबरदस्त ताकद आहे’, ‘तिला वेगाची देणगी आहे’, ‘त्याच्याकडे दम आहे’ या वाक्यांत क्रियापद ‘असणे’ हे आहे. खेळाडू सप्तमीत, चतुर्थीत किंवा षष्ठीच्या आश्रयाने येतो; तो कर्ता नसतो, एखाद्या वस्तूचे ठिकाण असतो. याउलट ‘त्याने गोलंदाजाचा बेत हेरला’, ‘तिने शेवटच्या फेरीसाठी श्वास राखून ठेवला’ या वाक्यांत खेळाडू तृतीयेत येतो व कर्ता ठरतो. शरीर आणि बुद्धी यांच्या वाटणीतही हाच भेद दिसतो. ताकद ‘अंगात’ असते, खेळावयाचे ‘डोक्याने’. अंग हे पात्र, डोके हे साधन. आणि साधन म्हटले की ते वापरणारा कोणी असावा लागतो. ‘अंगात येणे’, ‘अंगात वारे भरणे’ हे वाक्प्रचार लक्षात घेतले म्हणजे अंगातील शक्ती बाहेरून येऊन वस्तीला राहते, ही जुनी कल्पना या रचनेमागे असावी असे वाटते. ‘ताकदीने फटका मारला’ असेही म्हटले जाते, म्हणून हा भेद नियम नव्हे. परंतु प्रवृत्ती म्हणून तो स्पष्ट आहे.

या प्रवृत्तीचे फळ असे की, ‘असणे’च्या साच्यातील स्तुती खेळाडूच्या पदरात पडत नाही. ती देणाऱ्याची होते. मग तो देणारा निसर्ग असो, देव असो वा मातीचा गुण असो. इतकेच नव्हे, तर देणगी मिळालेला मनुष्य ऋणकोही ठरतो. ‘गुणवत्ता आहे, पण सातत्य नाही’ हे समालोचनातील अत्यंत परिचित वाक्य आहे. त्यातील पूर्वार्ध वरवर स्तुतीचा असला, तरी वस्तुतः तो उत्तरार्धातील दोषारोपाचा पुरावा असतो. शिवाय या गुणवत्तेची ओळख पटते ती यशावरून, आणि यशाचे कारण म्हणून पुढे केली जाते तीही गुणवत्ताच. हे चक्र तर्कदृष्ट्या पोकळ आहे. पण ऐकणाऱ्यास त्याची पोकळी जाणवत नाही, कारण मध्ये एक टाळ्यांचा गजर असतो.

दोन साच्यांचे वाटप सर्वांना सारखे होते काय, हा खरा कळीचा प्रश्न होय. इंग्लंडमधील व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या संघटनेच्या सहकार्याने २०२० साली एक पाहणी प्रसिद्ध झाली. तीत युरोपातील ८० सामन्यांच्या इंग्रजी समालोचनातील विधानांची गणना करण्यात आली होती. शक्तीचा उल्लेख सावळ्या वर्णाच्या खेळाडूंच्या बाबतीत ६.५९ पट, तर वेगाचा ३.३८ पट अधिक संभवनीय आढळला. बुद्धिमत्तेच्या स्तुतीपैकी ६२.६० टक्के मात्र उजळ वर्णाच्या वाट्यास आली होती. एकही वाक्य निंदेचे नसताना स्तुतीच्या वाटणीतून भेद कसा उभा राहतो, याचे हे ठळक उदाहरण आहे.

आपल्याकडील उदाहरण समालोचनाच्याही आधीचे आहे. पालवणकर बाळू यांनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात एकूण ११४ बळी घेतले. त्यांच्या डावखुऱ्या गोलंदाजीचे कौतुक झाले; परंतु चर्मकार समाजात जन्मलेल्या या श्रेष्ठ गोलंदाजाकडे हिंदू संघाचे कर्णधारपद सोपविले गेले नाही. पुढे १९२३ साली ते त्यांचे बंधू विठ्ठल यांना मिळाले. हाताचे कसब मान्य करावयाचे आणि डोक्याचा अधिकार नाकारावयाचा, असा हा व्यवहार होता.

आजच्या मराठी समालोचनात हा भेद अधिक सौम्य आणि म्हणून अधिक दुर्लक्षित रूपात आढळतो. कविता राऊत यांनी २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धांत १०,००० मीटर शर्यतीत कांस्यपदक व त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धांत रौप्यपदक मिळविले. त्या ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ झाल्या. ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३,००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या. त्या ‘माणदेशी एक्स्प्रेस’ ठरल्या. या सामासिक नामांत प्रेम आहे, अभिमानही आहे. परंतु समासाचे पहिले पद भूमीचे आणि दुसरे यंत्राचे. व्यक्ती दोहोंच्या मधून निसटते. डोंगरपाड्यावरील किंवा दुष्काळी मुलखातील मुलगी धावणारच, असा ध्वनी त्यातून निघतो. नाशिकमध्ये विजेंद्र सिंग यांच्या मार्गदर्शनाखाली कविता राऊत यांनी केलेला सराव त्या नावात कोठेही बसत नाही.

मराठीत दुसरी भाषाच नाही, असे मात्र नव्हे. तालमीची परिभाषा पाहावी. तेथे शरीर ‘कमावलेले’ असते, डाव ‘घोटलेला’ असतो, मल्ल ‘कसलेला’ असतो. ही सर्व कर्मणी धातुसाधिते आहेत. प्रत्येकात मागे घडून गेलेली क्रिया व ती करणारा गृहीत आहे. ‘मेहनत’ हा शब्द तर आखाड्यात व्यायामाचेच नाव झाला. कुस्तीच्या मैदानात निवेदक मल्लाचे नाव पुकारताना त्याचे गाव सांगतो, तसेच तालीम आणि वस्तादही सांगतो. ‘ढाण्या वाघ’ ही उपमा तेथेही आहे. परंतु वाघाला वस्ताद असतो, हे तो निवेदक विसरत नाही.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, घाईच्या भाषणावर एवढा अर्थ लादणे अन्यायाचे आहे. परंतु घाईमुळे वाक्य आखूड का होते एवढेच कळते. एकाला आखूड वाक्य अंगाचे आणि दुसऱ्याला डोक्याचे का मिळते, याचे उत्तर घाईत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. उंची, स्नायूंची ठेवण, श्वासाची क्षमता यांत अनुवंशाचा वाटा असतोच. तो सांगणे हे सत्यकथनच नव्हे काय? निश्चितच आहे. आक्षेपार्ह आहे ते कारणपरंपरेतील एकच दुवा उचलून तोच संपूर्ण कारण म्हणून मांडणे. मम्मटाने शक्ती, निपुणता व अभ्यास या तिहींना मिळून काव्याचा एकच हेतू मानले, तीन स्वतंत्र हेतू मानले नाहीत. काव्याविषयी आपण हे विद्यार्थ्यांना शिकवितो. धावण्याविषयी मात्र एकट्या शक्तीवर संतुष्ट राहतो.

हा प्रश्न केवळ शब्दांचा नाही, हे ‘गुणवत्तेची खाण’ या रूढ रूपकावरून स्पष्ट व्हावे. भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील चिखला येथे मँगनीजची खरी खाण आहे. खनिज भूगर्भात ‘असते’ हे तेथे कोणी नाकारणार नाही; परंतु ते भूमिगत खाणीतून वर काढावे लागते, निवडावे लागते, त्याची प्रतवारी करावी लागते, आणि पोलादाच्या उपयोगी पडण्यापूर्वी त्याला भट्टीही पाहावी लागते. खाणकामगाराच्या दृष्टीने ‘खाण’ हा शब्द श्रमाचा आहे. समालोचकाच्या तोंडी तो आयत्या संपत्तीचा झाला आहे. एखाद्या तालुक्याला ‘गुणवत्तेची खाण’ म्हणून गौरविले, की तेथे मैदान, प्रशिक्षक, बूट व सकस आहार यांची तरतूद का नाही, हा प्रश्न विचारण्याची निकड उरत नाही. गुण मातीतच आहेत, मग ते आपोआप उगवतील! आणि न उगवल्यास दोष मुलाचा : ‘गुणवत्ता होती, पण वाया घालविली.’

समालोचकांना दोष देऊन हा विचार संपविणे योग्य होणार नाही. वृत्तपत्रे, सत्कारसभा आणि विद्यापीठांची गौरवपत्रे यांतही हेच साचे वावरतात. पदवीधर विद्यार्थ्यास येथे संशोधनाचे विस्तृत क्षेत्र मोकळे आहे. मराठी समालोचनाचे ध्वनिमुद्रण घेऊन त्यातील स्तुतिवाक्ये विभक्तिनिहाय मोजली आणि ती खेळाडूच्या जातीशी, लिंगाशी व प्रदेशाशी ताडून पाहिली, तर आज जे अनुमान आहे त्याची सिद्धी अथवा खंडन होऊ शकेल. तोपर्यंत एक साधी कसोटी हाती ठेवण्यास हरकत नाही : ज्याची स्तुती चालली आहे, तो त्या वाक्याचा कर्ता आहे काय?