बाबुराव पटेल आणि तंबूतला प्रेक्षक

लोकांच्या करमणुकीविषयी लिहावे, तिच्याचविषयी ध्वनिमुद्रित संभाषणे प्रसृत करावीत आणि त्यातून मिळालेल्या लौकिकाच्या बळावर एखाद्या सार्वजनिक चळवळीत उडी घ्यावी, अशी तिहेरी कारकीर्द करणारी तरुण मंडळी हल्ली पुष्कळ दिसू लागली आहेत. ह्या संभाषणांस 'पॉडकास्ट' म्हणतात. मुलाने कायदा किंवा वैद्यक सोडून हा उद्योग पत्करला, तर सुशिक्षित घरांत अजूनही कपाळाला आठ्या पडतात. सिनेमाच्या गप्पा ही काय विद्या झाली, हा त्यांमागचा प्रश्न. प्रश्न अगदीच वावगा आहे असे आम्हांस वाटत नाही. परंतु त्याचे उत्तर हवेत न शोधता, ज्या मराठी माणसाने हा मार्ग प्रथम मळवला त्याच्या चरित्रात शोधणे बरे. तो माणूस म्हणजे 'फिल्मइंडिया'चे संपादक बाबुराव पटेल.

पटेलांचा जन्म 1904 सालचा, पालघरजवळील मासवणचा. शालेय शिक्षण अर्धवट राहिलेला हा गृहस्थ स्वतःच्या हिमतीवर इंग्रजी शिकला, आणि असे शिकला की पदवीधरांनी त्याची वाक्ये पाठ करावीत. एप्रिल 1935 मध्ये मुंबईस 'फिल्मइंडिया' निघाले. नटनट्यांची छायाचित्रे, चित्रपटांच्या जाहिराती आणि त्याच जाहिराती देणाऱ्या चित्रसंस्थांवर कोरडे ओढणारी परीक्षणे, असा तो चमत्कारिक संसार होता. जाहिरातदाराचे मीठ खाऊन त्यालाच खारट म्हणण्याचे धैर्य पटेलांत होते. ते सदैव निःपक्षपाती होते, असे मात्र त्यांचा कट्टर भक्तही म्हणणार नाही. त्यांची प्रीती आणि त्यांचा राग, दोन्ही सारखीच बेभान असत. 'जूडास' ह्या टोपणनावाने त्यांनी चालविलेल्या सदरात तर कुचाळकी आणि टीका ह्यांमधली रेघ पुष्कळदा पुसलेली आढळते.

तथापि ह्या मासिकाचे खरे मर्म परीक्षणांत नव्हते. ते वाचकांच्या प्रश्नोत्तरांत होते. देशाच्या कोनाकोपऱ्यांतून प्रश्न येत: अमकी नटी विवाहित आहे काय, तमक्या चित्रात गाणी इतकी का, स्वराज्य केव्हा मिळणार. पटेल एका-दोन ओळींत उत्तर देत, आणि ते उत्तर वाचताना छापील अक्षर वाचल्यासारखे न वाटता कोणी समोर बसून बोलत असल्यासारखे वाटे. आमच्या मते आजच्या ध्वनिसंभाषणाचे बीज येथे आहे. श्रोत्याला वाटले पाहिजे की हा माझ्याशी बोलतो आहे. विद्वत्ता मागाहून आली तरी चालेल. मंटोसारख्या कसलेल्या लेखकाला पटेलांचे व्यक्तिचित्र रेखाटावेसे वाटले, तेही एरवी कसे घडते?

ह्या बोलक्या लेखणीने एक गोष्ट निश्चित साधली. चित्रपट हा देशाच्या अब्रूचा विषय आहे, हे तिने लोकांच्या गळी उतरविले. कोर्डाच्या संस्थेचा 'द ड्रम' 1938 साली मुंबईत लागला. सरहद्दीवरच्या हिंदी माणसाचे विटंबित चित्र आणि साम्राज्याचा उदो उदो ह्यांमुळे शहरात निदर्शने झाली आणि चित्रपट बंद करावा लागला. पुढल्या वर्षी 'गंगा दीन'वरही बंदी आली. ह्या प्रकारच्या चित्रांविरुद्ध 'फिल्मइंडिया'ने जी झोड उठविली ती पटेलांच्या कारकिर्दीतील सर्वांत सरस कामगिरी होय. महात्माजी सिनेमाला समाजाच्या अनिष्ट गोष्टींत गणीत. त्यांस उद्देशून ख्वाजा अहमद अब्बास ह्यांनी लिहिलेले अनावृत पत्र ऑक्टोबर 1939 मध्ये ह्याच मासिकात आले. सिनेमा हा वाद घालण्याजोगा विषय आहे, एवढे ठरले तरी टीकाकाराचे निम्मे काम झाले.

परंतु हा वाद कोणापुढे चालला होता? आमच्या बारामती-इंदापूर भागात सिनेमा आला तो जत्रेतल्या तंबूत. निरेच्या डाव्या कालव्याने भिजलेल्या मुलखातला शेतकरी, वालचंदनगरच्या साखर कारखान्यातला मजूर, ही मंडळी जमिनीवर फतकल मारून बसत. त्यांच्याच आण्यांवर चित्रधंदा जगला. पटेल आपल्या मासिकात ज्याच्या फसवणुकीबद्दल कळवळून लिहीत तो प्रेक्षक हाच. आणि त्याला त्यातले अक्षर कळत नव्हते. कारखान्याच्या एखाद्या साहेबाच्या टेबलावर 'फिल्मइंडिया' पडले असेलही, परंतु तंबूपर्यंत ते पोहोचणे शक्य नव्हते. लोकांचा वकील लोकांना न समजणाऱ्या भाषेत भांडत होता.

ह्याच बारामतीत त्याच्या सुमारे दीडशे वर्षे आधी एक उलट उदाहरण घडले होते. सोलापूरचा राम जोशी हा व्युत्पन्न ब्राह्मण तमाशाच्या फडात गेला, लावण्या रचून लोकप्रिय झाला, आणि पुढे बारामतीस वास करणाऱ्या मोरोपंतांच्या आर्या कीर्तनांतून गाऊ लागला. पंतांची संस्कृतप्रचुर वाणी सामान्य श्रोत्याच्या कानी त्याने घातली अशी परंपरा आहे. पंडिताचे धन चव्हाट्यावर नेणारा हा शाहीर, आणि चव्हाट्यावरची कला पंडितांच्या दिवाणखान्यात नेणारे पटेल! दोन्ही कामे मोलाची. पण पहिल्याने श्रोता घडतो, दुसऱ्याने फार तर वाचक रिझतो. त्या शाहिरावर 1947 साली राजकमलने 'लोकशाहीर राम जोशी' काढला, तेव्हा त्याची कथा त्याच्याच श्रोत्यांच्या नातवंडांपुढे तंबूत परत आली, हा एक गोड योगायोग.

भाषेच्या ह्या निवडीचे फळ पटेलांस राजकारणात मिळाले. 1940 साली 'नवयुग' साप्ताहिक काढणारे आचार्य अत्रे हेही चित्रपटवाले आणि शिवराळपणात पटेलांस हार न जाणारे. पण त्यांची लेखणी मराठी होती, म्हणून 1956 साली निघालेला 'मराठा' संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचा आवाज होऊ शकला. पटेलही 1967 साली जनसंघातर्फे लोकसभेत गेले, परंतु ते मध्यप्रदेशातील शाजापूरहून. तोवर 'फिल्मइंडिया' मावळून 'मदर इंडिया' हे राजकीय मासिक उभे राहिले होते. तेथे शब्दांची धार तीच आहे, पण समोर चित्रपटाची रिळे नाहीत. अनुभवाचा आधार सुटला की उपहासाचा थयथयाट होतो, तसे ते लेखन आज वाटते. (स्वतः पटेलांनी पत्नी सुशीलाराणी ह्यांना घेऊन 'द्रौपदी' आणि 'ग्वालन' काढले, ते पडले. सुशीलाराणी ह्या मोगूबाई कुर्डीकरांच्या शिष्या; त्यांचे गाणे ह्या चित्रांहून पुष्कळ टिकले.)

आजच्या ध्वनिसंभाषकांस भाषेची ती अडचण नाही. बारामतीस विद्या प्रतिष्ठानने 'वसुंधरा वाहिनी' हे सामुदायिक नभोवाणीकेंद्र काढले, आणि इंदापूरचा मुलगा एस. टी.च्या थांब्यावर कानात तार घालून मराठीत सिनेमाची चिरफाड ऐकतो. जाहिरातदाराची अडचण मात्र जशीच्या तशी आहे, आणि ती पटेलांहून अधिक सफाईने कोणी सोडविल्याचे आमच्या ऐकण्यात नाही. ह्या मंडळींसाठी तरी पटेलांच्या लेखनाची एक निवड मराठीत निघावी. तीत प्रश्नोत्तरे आधी घ्यावीत, 'द ड्रम'च्या वेळचे लेख संपूर्ण द्यावेत, प्रभातच्या चित्रांवरची परीक्षणे अनुकूल-प्रतिकूल दोन्ही असावीत. 'मदर इंडिया'तील दोन-तीन लेख नमुन्यापुरते पुरेत.