भुताचे भाडे

एखाद्या घराला बाधा आहे असा बोभाटा झाला की आपल्याकडे त्याचे भाडे उतरते. अमेरिकेत प्रकार उलटा आहे. तेथे पिशाचाविषयी ख्याती झालेल्या हॉटेलांत साहसप्रिय प्रवासी मुद्दाम उतरतात, आणि जी खोली अधिक भयाण म्हणून गाजली तिलाच मागणी अधिक. अशा हॉटेलांत कोलोरॅडोतील एस्टेस पार्क येथील स्टॅनले हॉटेलाचे नाव अग्रभागी आहे. आम्हांस त्याचा विचार करावासा वाटतो तो मात्र भुतांकरिता नव्हे, एका कादंबरीकरिता.

वाफेच्या मोटारी बनविणारे फ्रीलन स्टॅनले हे गृहस्थ १९०३ साली क्षयाने खंगलेली प्रकृती घेऊन ह्या डोंगराळ गावी आले. हवा मानवली, आणि १९०९ साली त्यांनी हे हॉटेल उघडले. पुढे १९७४ साली, हंगाम सरता सरता, कादंबरीकार स्टीफन किंग हे तेथे २१७ क्रमांकाच्या खोलीत सपत्नीक उतरले. हॉटेल हिवाळ्यासाठी बंद होण्याच्या बेतात होते; दुसरे पाहुणे जवळजवळ नव्हतेच. त्या रात्री त्यांना स्वप्न पडले, की आपला तीन वर्षांचा मुलगा ओसाड बोळांतून किंचाळत धावतो आहे आणि आग विझविण्याची नळी त्याच्या पाठीस लागली आहे. ह्या स्वप्नातून निघालेली ‘द शायनिंग’ ही कादंबरी १९७७ साली प्रसिद्ध झाली.

स्वप्नात भूत नाही, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. त्यात आहे ती लेकराच्या जिवाची धास्ती, आणि कादंबरीचे मर्मही तेच आहे. जॅक टॉरन्स हा दारू सोडू पाहणारा, महासंतापी मनुष्य. रागाच्या भरात त्याने स्वतःच्या मुलाचा हात मोडलेला आहे. विद्यार्थ्यावर हात टाकल्यामुळे मास्तरकी गेलेली आहे. बर्फाने कोंडलेल्या हॉटेलाची राखण करण्यास तो बायकोमुलासह येतो. तळघरातील जुनाट बॉयलरचा दाब त्याने नेमाने उतरवावयाचा असतो. अखेर तो विसरतो, आणि सारे हॉटेल उडते. रूपक ढोबळ आहे, लेखणी पाल्हाळिक आहे, हे आम्ही नाकारीत नाही. २१७ क्रमांकाच्या न्हाणीघरातली मेलेली बाई घटकाभर भिवविते इतकेच. पुस्तक मिटल्यावरही जे मनातून जात नाही ते भय घरधन्याचे आहे. ज्याची पावले जिन्यावर वाजताच बायकोमुले गप्प होतात, त्याचे. ते अनुभवण्यास कोलोरॅडोचे तिकीट काढावे लागत नाही.

प्रवासी मात्र खोली शोधीत जातात. स्टॅन्ली क्युब्रिक ह्यांनी १९८० साली काढलेल्या चित्रपटाचे बाह्यदर्शन ओरेगनमधील टिंबरलाइन लॉज ह्या निराळ्याच हॉटेलाचे आहे. २१७ मध्ये उतरण्यास पाहुणे कचरतील अशा भीतीने त्या हॉटेलाने विनंती केली, म्हणून चित्रपटात खोलीचा क्रमांक २३७ झाला. आज टिंबरलाइनमध्येही सर्वांत अधिक मागणी २१७ लाच आहे! स्टॅनले हॉटेलाने तर २०१५ साली आवारात झुडपांचा भूलभुलैया लावला, कारण पाहुणे त्याची चौकशी करीत. मूळ कादंबरीत भूलभुलैया नाही, कातरलेल्या झुडपांची जनावरे आहेत. भूलभुलैया चित्रपटातला, आणि तो चित्रपट येथे घेतलेलाच नाही. वास्तू आपल्याच नकलेची नक्कल करू लागली, असा हा मासला आहे.

ह्या सगळ्या करमणुकीत आम्हांस एक गोष्ट खटकते. १९११ साली त्याच मजल्यावर दिव्यांचा गॅस गळून मोठा स्फोट झाला आणि हॉटेलची एक मोलकरीण जबर जखमी झाली, ती वाचली. त्या बाईचे भूत २१७ मध्ये वावरते, अशी आज आख्यायिका आहे. ते कोणास छळीत नाही, सूड मागत नाही. ते पाहुण्यांचे सामान लावून ठेवते, कपड्यांच्या घड्या घालते. जिवंतपणी जेथे ती जायबंदी झाली तेथेच मेल्यावरही तिच्याकडून चाकरी घ्यावी, अशी कल्पना ज्यांस गोड वाटते त्यांनी किंगची कादंबरी वाचली असेल, ह्याविषयी आम्हांस शंका आहे.