मोहीम की सहल? : अंटार्क्टिकातील ऐषारामी जहाजपर्यटनाच्या भाषेची चिकित्सा

प्रस्तावना

अंटार्क्टिका खंडाकडे जाणाऱ्या पर्यटक-जहाजांची माहितीपत्रके चाळली असता त्यांत एक शब्द सातत्याने आढळतो. तो म्हणजे 'एक्स्पिडिशन'. मराठीत त्याला 'मोहीम' हा प्रतिशब्द रूढ आहे. ज्या पानावर हा शब्द असतो, त्याच्या पुढच्याच पानावर सज्जा असलेल्या खोल्या, बाष्पस्नानगृह आणि निष्णात आचाऱ्यांनी सिद्ध केलेले भोजन यांचे वर्णन असते. महाराष्ट्रातील सहल-व्यावसायिकांच्या यादीतही आता अंटार्क्टिका समाविष्ट झाले आहे. त्यामुळे या भाषेचा विचार मराठी अभ्यासकानेही करणे उचित ठरेल. ऐषाराम हा काही अपराध नव्हे. परंतु तो 'मोहीम' या नावाने का विकला जातो, हा प्रश्न समीक्षेच्या कक्षेत निश्चितपणे येतो. खरेदीच्या व्यवहाराला पुरुषार्थाचे व पुण्याचे रूप देण्याचे कार्य हा शब्द करतो, आणि त्यामुळे संख्येच्या मर्यादेचा मूळ प्रश्न झाकला जातो, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

'मोहीम' शब्दाचा अर्थभार

मराठीत यात्रा, सहल, सफर आणि मोहीम हे शब्द समानार्थी नाहीत. यात्रेत कष्ट गृहीत असतात आणि त्यांना श्रद्धेचा आधार असतो. सहलीत सुख अपेक्षित असते. मोहिमेला मात्र उद्दिष्ट असते, तिचा शेवट अनिश्चित असतो आणि तिच्यातील जोखीम सर्वांना वाटून घ्यावी लागते. सह्याद्रीतील दुर्गम गडांवर जाणारे गिरिप्रेमी हा शब्द वापरतात, तेव्हा निदान शिधा त्यांच्या स्वतःच्या पाठीवर असतो.

या कसोटीवर शॅकल्टनच्या १९१४ ते १९१७ या काळातील मोहिमेकडे पाहता येईल. 'एन्ड्युरन्स' हे जहाज बर्फात अडकून चिरडले गेले व नोव्हेंबर १९१५ मध्ये बुडाले. त्यानंतर एलिफंट बेटावर अडकलेल्या २२ जणांची सुटका ३० ऑगस्ट १९१६ रोजी झाली. या २२ जणांत पर्स ब्लॅकबरो नावाचा तरुण होता. ब्युनोस आयर्स येथे तो चोरून जहाजावर चढला होता आणि पुढे त्याला जहाजावरील सेवकाचे काम देण्यात आले. हिमदंशामुळे त्याच्या डाव्या पायाची बोटे त्याच बेटावर, उलट्या घातलेल्या होड्यांच्या आडोशाला कापावी लागली. मोहिमेच्या इतिहासात त्याचे नाव आदराने घेतले जाते. वाढपी असो वा नायक, संकट दोघांनाही सारखेच होते, म्हणूनच ती मोहीम होती.

आजच्या माहितीपत्रकांत शॅकल्टनचे नाव वारंवार येते. ब्लॅकबरोच्या आजच्या वारसदारांचे, म्हणजे खोल्या आवरणाऱ्या, भांडी धुणाऱ्या व ताटे वाढणाऱ्या कर्मचाऱ्यांचे, नाव मात्र क्वचितच दिसते. जगभरच्या प्रवासी जहाजांवर गोव्यातील अनेक कुटुंबांतील माणसे पिढ्यान्‌पिढ्या ही कामे करीत आली आहेत. त्यामुळे हे मौन आपल्याला अधिक जाणवावयास हवे. मोहिमेची भाषा उसनी घेताना तिच्यातील सहभागित्व वगळले जाते आणि केवळ नायकत्व ठेवले जाते. ते नायकत्वही प्रत्येक ग्राहकाला तिकिटाबरोबर देऊ केले जाते.

संयमाची परंपरा

तथापि या व्यवसायाचे मूल्यमापन एकांगी होऊ नये. लार्स-एरिक लिंडब्लाड यांनी १९६६ मध्ये पर्यटकांची तुकडी अंटार्क्टिकाला नेली आणि १९६९ मध्ये याच कामासाठी 'लिंडब्लाड एक्सप्लोरर' हे छोटे जहाज बांधून घेतले. जहाजावर शास्त्रज्ञांची व्याख्याने, रबरी होड्यांतून किनाऱ्यावर उतरणे आणि वन्यजीवांपासून अंतर राखणे ही पद्धत याच परंपरेतून रूढ झाली. १९९१ मध्ये सहल-संयोजकांनी 'आयाटो' ही संघटना स्थापन केली. एका वेळी एका ठिकाणी शंभरापेक्षा अधिक प्रवासी उतरवू नयेत, पाचशेहून अधिक प्रवाशांच्या जहाजाने कोणासही उतरवू नये, पादत्राणे निर्जंतुक करावीत, हे नियम या व्यवसायाने स्वतःवर घालून घेतले. त्याच आशयाचे निर्बंध २००९ मध्ये अंटार्क्टिक करारातील राष्ट्रांनीही स्वीकारले. बर्ड फ्लूचा विषाणू फेब्रुवारी २०२४ मध्ये अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवर आढळला. त्यानंतर तर या दक्षतेचे मोल अधिकच पटते.

येथे एक बाब ध्यानात घ्यावी लागेल. हे नियम एका जहाजाने कसे वागावे हे सांगतात. जहाजे एकूण किती असावीत, याविषयी ते मौन पाळतात. १९९० च्या दशकाच्या आरंभी एका हंगामात येणाऱ्या पर्यटकांची संख्या दहा हजारांच्या आत होती. २०२३-२४ च्या हंगामात ती १ लाख २० हजारांच्या वर गेली. त्यांतील काही प्रवासी किनाऱ्यावर न उतरता जहाजावरूनच परततात, हे खरे. तरीही शंभर जणांची तुकडी शिस्तीने उतरून परत गेली की तिच्या जागी दुसरी तितकीच शिस्तबद्ध तुकडी येते. शिस्त आणि मर्यादा या भिन्न गोष्टी आहेत. मोहिमेच्या भाषेत मात्र त्या एकच भासतात.

'दूत' ही संकल्पना

या भाषेतील दुसरा महत्त्वाचा शब्द म्हणजे 'दूत'. ज्याने अंटार्क्टिका डोळ्यांनी पाहिले तो परतल्यावर त्याच्या रक्षणाचा पुरस्कर्ता होतो, अशी ही धारणा आहे. लिंडब्लाड यांची दृष्टीही याच स्वरूपाची होती. ज्यावर प्रेम नाही त्याचे रक्षण कोणी करीत नाही, हा तर्क भावनेला सहज पटतो. परंतु २०१० मध्ये आयगेलार, थेपर व पीटर्स यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मात्र या प्रवासामुळे पर्यावरणविषयक जाणीव वाढते किंवा पुढील प्रवासाचे निर्णय बदलतात, यास पुरावा आढळला नाही. 'नाहीसे होण्यापूर्वी पाहून घ्या' ही प्रेरणा ज्या प्रवासाला लाभते, तो प्रवास त्या नाहीसे होण्यालाच हातभार लावतो, ही विसंगती त्यांनी अधोरेखित केली.

२०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने ही विसंगती मोजून दाखविली. जहाजांच्या धुरातील काजळी बर्फावर साचली की बर्फ अधिक उष्णता शोषून घेते व लवकर वितळते. चिलीतील सांतियागो विद्यापीठाचे राउल कोर्देरो व त्यांच्या सहकाऱ्यांच्या अंदाजानुसार २०१६ ते २०२० या काळात प्रत्येक पर्यटकामागे सुमारे ८३ टन बर्फ अकाली वितळले, आणि त्याचे मुख्य कारण पर्यटक-जहाजांचा धूर हे होते. जड इंधनतेलाच्या वापरावर ऑगस्ट २०११ पासून बंदी असूनही ही स्थिती आहे. दूताने परतल्यावर काय सांगितले, हे मोजता येत नाही. त्याने मागे काय ठेवले, ते मोजता येते.

जोखमीच्या बाबतीतही हेच घडते. लिंडब्लाड यांचे तेच जहाज पुढे 'एक्सप्लोरर' या नावाने चालविले जात असताना २३ नोव्हेंबर २००७ रोजी बर्फावर आदळून दक्षिण शेटलंड बेटांजवळ बुडाले. सर्व १५४ जण वाचले, कारण 'नॉर्डनॉर्गे' हे दुसरे पर्यटक-जहाज जवळ होते आणि समुद्र काही काळ शांत राहिला. या घटनेस साहस म्हणणे सोपे आहे. परंतु साहस हे स्वेच्छेने पत्करलेले असते. येथे जहाजाचे इंधन ज्या पाण्यात सांडले, त्या पाण्याची संमती कोणी घेतली नव्हती.

समारोप

भारताचा या प्रश्नाशी असलेला संबंध केवळ ग्राहकाचा नाही. डिसेंबर १९८१ मध्ये डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखालील पहिली भारतीय मोहीम गोव्याहून निघाली. ध्रुवीय संशोधनाचे राष्ट्रीय केंद्रही गोव्यातच आहे. २०२२ मध्ये भारताने अंटार्क्टिकाविषयक स्वतंत्र कायदा केला. मे २०२४ मध्ये कोची येथे भरलेल्या करार-राष्ट्रांच्या बैठकीत पर्यटनाच्या नियमनाचा आराखडा तयार करण्याची चर्चा एका विशेष कार्यगटात सुरू झाली. ही चर्चा जहाजांच्या व प्रवाशांच्या एकूण संख्येपर्यंत पोहोचली, तरच तिला अर्थ राहील.

प्रवाशाच्या सद्भावनेवर शंका घेण्याचे कारण नाही. पेंग्विनांच्या वसाहतीसमोर उभा राहिलेला माणूस खरोखरच हेलावून जात असेल. प्रश्न एवढाच की त्या हेलावण्याला परवान्याचे मूल्य द्यावे काय. आपल्या संस्कृतीत देवराईचे रक्षण झाले ते सर्वांनी आत जाऊन तिचे दर्शन घेतल्यामुळे झाले नाही. काही जागा न तोडण्याच्या आणि काही जागी न जाण्याच्या सामूहिक नियमामुळे ते झाले. अंटार्क्टिकाच्या बाबतीत असा नियम व्यक्तीच्या विवेकावर सोपवून चालणार नाही. तो कायद्याने घालावा लागेल. तोवर निदान भाषेपुरते तरी आपण प्रामाणिक राहावे आणि सहलीला सहल म्हणावे.