विजेची गिटार आणि संबळ

ब्राझीलमधील साओ पावलो शहरात 1966 साली आर्नाल्दो बाप्तिस्ता, रिटा ली आणि सेर्जियो दियास या तिघांनी उभ्या केलेल्या ‘ओस मुतांतेस’ या वाद्यवृंदाने सायकेडेलिक रॉक, म्हणजे विजेवरच्या वाद्यांचा ध्वनी जाणीवपूर्वक विकृत करून श्रोत्याला भान हरपल्याचा अनुभव देऊ पाहणारे संगीत, आपल्या देशाच्या लोकसंगीताशी जोडले. आर्नाल्दो आणि सेर्जियो यांचा थोरला भाऊ क्लाउदियो सेझार गिटार व ध्वनियंत्रे घरीच बनवत असे. 1968च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेतील एका गीतात तर झांजेच्या ठेक्याऐवजी कीटकनाशक फवारण्याचा हातपंप वाजवलेला ऐकू येतो. साधनांच्या कमतरतेतून जन्मलेल्या या कल्पकतेकडे केवळ गंमत म्हणून पाहणे अन्यायाचे ठरेल, कारण परकीय नाद जसाच्या तसा उचलण्याचा मार्गच तिने बंद केला.

हे सहज घडले नव्हते. जुलै 1967 मध्ये साओ पावलोत विजेच्या गिटारविरुद्ध मोर्चा निघाला, त्यात गायक जिलबेर्तो जिल स्वतः सहभागी होते, आणि त्याच जिल यांनी काही महिन्यांतच दूरचित्रवाणीवरील गीतमहोत्सवात बेरिंबाऊ, म्हणजे धनुष्याच्या आकाराचे एका तारेचे देशी वाद्य, आणि मुतांतेसची गिटार एकाच गाण्यात आणून दुसरा क्रमांक मिळवला. पुढल्या वर्षी या प्रयोगांना ‘ट्रॉपिकालिया’ हे नाव मिळाले. डिसेंबर 1968 मध्ये ब्राझीलची लष्करी राजवट अधिक कठोर झाल्यावर जिल व त्यांचे सहकारी गायक कैतानो वेलोझो यांना अटक झाली आणि नंतर देश सोडावा लागला. रिटा ली 1972 मध्ये बाहेर पडल्या, 1978 मध्ये वृंद थांबला, आणि खरी आंतरराष्ट्रीय कीर्ती त्यानंतर, 1990च्या दशकात, आली. 2006 मध्ये लंडनला तो रिटा लींवाचून पुन्हा रंगमंचावर उभा राहिला.

महाराष्ट्रात याला सर्वांत जवळचा म्हणावा असा प्रवाह 1970च्या दशकातील मुंबईत आढळतो. ‘अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट’ हा तेथील नामांकित वृंद. त्याच काळात नाट्यदिग्दर्शक अ‍ॅलिक पदमसी यांच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ या इंग्रजी रॉक संगीतिकेत मधुकर धस यांनी येशूची आणि नंदू भेंडे यांनी जुडासची भूमिका गाजवली. कौशल्यात हे कलावंत कोणाहून उणे नव्हते, तथापि बहुतांश गाणी इंग्रजी, आणि त्यातही परकीय वृंदांची, राहिल्यामुळे हे संगीत महानगराच्या एका छोट्या वर्गापलीकडे गेले नाही.

अपवाद एक, आणि तो मोलाचा आहे. आत्माराम व आशा भेंडे या नाट्यकलावंतांचे पुत्र असलेले नंदू भेंडे 1978 मध्ये थिएटर अकॅडमीच्या ‘तीन पैशाचा तमाशा’त अंकुशच्या भूमिकेत उतरले. जर्मन नाटककार ब्रेश्टच्या नाटकाचे पु. ल. देशपांडे यांनी केलेले हे रूपांतर जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केले, आणि भास्कर चंदावरकर यांच्यासोबत भेंडे यांचाही वाटा असलेल्या त्याच्या संगीतात लावणी, नाट्यसंगीत आणि पाश्चात्त्य पॉप एकमेकांना न लाजता शेजारी बसले. मराठी गळ्यात रॉक शोभतो की नाही, हा प्रश्न तेथेच निकाली निघाला होता. तरीही त्या वाटेवर मराठी वृंदांची परंपरा उभी राहिली नाही. भेंडे यांचा आवाज घराघरांत पोहोचला तो 1982च्या ‘डिस्को डान्सर’मधील हिंदी गाण्यामुळे, ही गोष्ट मराठी संगीतविश्वाला भूषणावह नाही.

नगर जिल्ह्यातील डोंगराळ अकोले परिसराकडे पाहिले की ही हानी अधिक जाणवते. शेजारच्या संगमनेरने अनंत फंदींसारखा शाहीर दिला, अकोल्यात अगस्ती ऋषींची यात्रा महाशिवरात्रीला भरते, आणि या डोंगरपट्ट्यातील लग्नांत संबळ व हलगीच्या जोडीला कर्ण्यावर वाजणारा बेंजो असतो. बेंजो म्हणजे बुलबुलतरंग हे बटणांचे तारवाद्य. त्याला विजेची जोड मिळाली आणि कर्ण्यातून येताना त्याचा नाद फाटला, की तोच चिरका, धारदार ध्वनी उमटतो, ज्यासाठी क्लाउदियो सेझार यंत्रे जुळवत बसत असे. फरक इतकाच, की या ध्वनीवर बहुधा सिनेमातील चालीच वाजतात, आणि त्यासाठी नवे मराठी शब्द लिहिणारा कवी अजून त्या मंडपात गेलेला नाही.