शाळेत कोण जात होते?
इंग्रजी कृदंतांचे परीक्षेतील प्रश्न आणि वऱ्हाडी विद्यार्थ्याचे व्याकरण

बारावीच्या इंग्रजी प्रश्नपत्रिकेत वाक्यरूपांतराचा एक प्रकार वर्षानुवर्षे ठरलेला आहे. दोन क्रियापदांचे वाक्य द्यायचे आणि त्यांपैकी एकाचे ‘प्रेझेंट पार्टिसिपल’ करून वाक्य पुन्हा लिहायला सांगायचे. स्पर्धा परीक्षांत हाच विषय वेश बदलून येतो. तिथे चार भागांत तोडलेले वाक्य असते आणि चूक कोणत्या भागात आहे ते ओळखायचे असते. अशा प्रश्नांतला एक नेहमीचा नमुना घेऊ : ‘वॉकिंग टू स्कूल, अ डॉग बिट मी.’ उत्तरपत्रिका सांगते, वाक्य चूक. कारण इंग्रजीच्या नियमाप्रमाणे सुरुवातीचे कृदंत मुख्य वाक्याच्या कर्त्याला जाऊन चिकटते. इथे कर्ता कुत्रा आहे, म्हणून शाळेत कुत्रा जात होता असा अर्थ होतो.

बुलढाणा, चिखली, खामगाव किंवा मेहकर इथल्या अभ्यासिकेत बसलेल्या मुलाला हे वाक्य चूक वाटत नाही. तो आळशी किंवा अडाणी आहे म्हणून असे होत नाही. त्याच्या डोक्यात आधीच एक व्याकरण आहे, ते पक्के आहे, आणि त्या व्याकरणाप्रमाणे वाक्य बरोबर आहे. ‘शाळेत जाताना मला कुत्रा चावला’ या वाक्यात कोणताही मराठी माणूस दोष काढणार नाही. परीक्षेचा प्रश्न या मुलाचे अज्ञान मोजतो असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तो दोन व्याकरणांमधले अंतर मोजतो, आणि ते अंतर त्या मुलाला कोणी दाखवलेले नसते. प्रस्तुत लेखाचे म्हणणे एवढेच आहे.

कृदंताचा धनी

क्रियापदाच्या धातूला प्रत्यय लावून जी विशेषणे, नामे आणि अव्यये होतात, त्यांना मराठी व्याकरणात कृदंते किंवा धातुसाधिते म्हणतात. पडलेला, पडणारा, पडता, पडताना, पडून, पडल्यावर ही सारी एकाच धातूची मुले. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ साली आले. मोरो केशव दामल्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली. दामल्यांच्या ग्रंथात धातुसाधितांचा विस्ताराने विचार आहे. म्हणजे आपल्याकडे या विषयाची चर्चा नवी नाही. नवल हे, की इंग्रजीच्या तासाला तिचा कधी उपयोग होत नाही.

प्रत्येक कृदंताला एक धनी लागतो. ‘जाताना’ म्हटले की कोण जाताना, हा प्रश्न येतोच. इंग्रजीने या प्रश्नाचे उत्तर जागेवर सोपवले आहे : कृदंत सुरुवातीला आले की त्याचा धनी मुख्य वाक्याचा कर्ता. मराठीने ते अर्थावर आणि विभक्तीवर सोपवले. ‘मला कुत्रा चावला’ या वाक्यात व्याकरणाच्या दृष्टीने कर्ता कुत्राच आहे. पण घटना ज्याच्यावर ओढवली तो ‘मला’मध्ये बसलेला माणूस वाक्याच्या केंद्रस्थानी आहे. ‘मला भूक लागली’, ‘मला राग आला’, ‘मला आठवले’ अशा शेकडो वाक्यांतून मराठीने या ‘मला’ला जवळजवळ कर्त्याचा मान दिला आहे. ‘घरी जाऊन मला झोप लागली’ असे आपण सहज म्हणतो; झोप घरी गेली असा अर्थ कोणी लावत नाही.

इंग्रजीत या ‘मला’ला असा मान नाही. म्हणून तिथे वाक्य उलटवून ‘मी’ला कर्त्याच्या जागी आणावे लागते : ‘वॉकिंग टू स्कूल, आय वॉज बिटन बाय अ डॉग.’ विद्यार्थ्याला ‘कर्ता बघ’ असे सांगून भागत नाही. त्याच्या भाषेतला ‘मला’ इंग्रजीत ‘आय’ झाल्याशिवाय कृदंताचा धनी होऊ शकत नाही, हे त्याला सांगावे लागते.

वीज पडून

‘ऊन’ प्रत्ययाची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. ‘तो घरी येऊन जेवला’ यात येणारा आणि जेवणारा एकच. ‘आई जेवून मी झोपलो’ किंवा ‘सूर्य उगवून आम्ही निघालो’ ही वाक्ये मराठी कानाला खटकतात; तिथे आपण ‘जेवल्यावर’, ‘उगवल्यावर’ म्हणतो. म्हणजे दोन क्रियांचा धनी एक असावा हा इंग्रजीसारखाच नियम मराठी मुलाला ठाऊक आहे, आणि तो त्याने पाठ केलेला नाही. इंग्रजी शिकवण्याची सुरुवात इथून होऊ शकते.

पण पावसाळ्यात कोणतेही वर्तमानपत्र उघडा. ‘वीज पडून शेतकऱ्याचा मृत्यू’, ‘भिंत कोसळून दोघे जखमी’, ‘झाड पडून रस्ता बंद’. पडली वीज, मेला शेतकरी. धनी दोन, तरी वाक्य निर्दोष. पहिली क्रिया दुसरीचे थेट कारण असेल, तर मराठी ‘ऊन’ला स्वतःचा वेगळा कर्ता ठेवू देते. सूर्य उगवणे हे आमच्या निघण्याचे कारण नाही, फक्त वेळ आहे. म्हणून ते वाक्य बिघडते. हा फरक इतका सूक्ष्म आहे की तो शब्दांत मांडताना अभ्यासकालाही थांबावे लागते. खेड्यातले दहा वर्षांचे पोर मात्र तो बिनचूक पाळते.

आता हेच पोर मोठे होऊन ‘वीज पडून शेतकरी मेला’ याचे इंग्रजी करू लागते आणि ‘फॉलिंग लाइटनिंग, द फार्मर डाइड’ असे लिहिते. उत्तर चूक आहे, यात वाद नाही. पण ती कारणाची खूण इंग्रजी साच्यात ओतण्याच्या प्रयत्नातून आलेली चूक आहे. योग्य उत्तर ‘स्ट्रक बाय लाइटनिंग, द फार्मर डाइड’ हे आहे, आणि त्यासाठी दृष्टिकोन बदलावा लागतो. मराठी वाक्य विजेकडून सुरू होते. इंग्रजी वाक्यात शेतकऱ्याच्या बाजूने उभे राहून त्याच्यावर काय ओढवले ते भूतकाळवाचक कृदंताने सांगावे लागते. ‘अँड’ काढून ‘आयएनजी’ लावा, या युक्तीने हा बदल कधीच शिकवला जात नाही. आणि रूपांतराचा प्रश्न नेमकी तीच युक्ती मागतो.

‘जाऊन राह्यला’

वर्गात एक समीकरण दिले जाते : ‘ताना’ म्हणजे ‘आयएनजी’, ‘ऊन’ म्हणजे ‘हॅविंग’. हे समीकरण प्रमाण मराठीतही टिकत नाही. ‘तो हसून म्हणाला’ म्हणजे आधी हसणे संपवून मग बोलला असे नव्हे. ‘बसून जेवला’, ‘धावून आला’, ‘ओरडून सांगितले’ या साऱ्यांत ‘ऊन’ रीत सांगतो, क्रम सांगत नाही. इंग्रजीत तिथे ‘हॅविंग’ घातले तर अर्थ बदलतो.

बुलढाणा जिल्ह्यात त्यात बोलीची भर पडते. जिल्ह्याची बोली एकसारखी नाही. घाटावर मराठवाड्याचे वळण मिसळते, मलकापूरकडे खानदेशाचे. तरी वऱ्हाडीचे एक रूप सर्वांच्या परिचयाचे आहे : ‘तो शाळेत जाऊन राह्यला’. पुण्याच्या माणसाला वाटेल, हा शाळेत जाऊन तिथेच मुक्कामाला राहिला. वऱ्हाडी माणसासाठी त्याचा अर्थ ‘तो शाळेत जात आहे’ एवढाच. ‘ऊन’ इथे चालू क्रियेची खूण आहे. ज्या मुलाच्या घरात ‘जाऊन’ हा शब्द दिवसभर ‘जात’ या अर्थाने कानावर पडतो, त्याला ‘ऊन म्हणजे संपलेली क्रिया’ हे सूत्र पाठ करायला लावले, तर ‘गोइंग’ आणि ‘हॅविंग गॉन’ यांत तो घोटाळणारच. त्याला बोली विसरायला सांगणे हा उपाय नव्हे. दोन वाक्ये फळ्यावर शेजारी लिहून ‘या दोन ‘जाऊन’मध्ये काय फरक आहे?’ असे विचारले, तर तो स्वतःच उत्तर देईल. मात्र त्यासाठी वऱ्हाडी वाक्य फळ्यावर येण्याच्या लायकीचे आहे, हे आधी मान्य करावे लागेल.

हॅम्लेटचा साप आणि आगरकर

उत्तरपत्रिकेचा नियम खुद्द इंग्रजीत किती पाळला गेला, हेही पाहायला हवे. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मध्ये राजाचे भूत मुलाला सांगते, की मी बागेत झोपलो असताना मला साप चावला अशी वार्ता पसरवण्यात आली आहे. मूळ इंग्रजी रचनेत ‘झोपलेले’ हे कृदंत अशा जागी आहे, की काटेकोर नियमाने पाहिले तर झोपलेला साप ठरतो. आपल्या शाळकरी मुलाच्या कुत्र्याची आणि डेन्मार्कच्या राजाच्या सापाची व्याकरणातली जात एकच. चारशे वर्षांत प्रेक्षकांचा अर्थाबाबत गोंधळ झाला नाही, कारण संदर्भ धनी दाखवून देतो.

पुढे इंग्रजी लेखननियमांचे ग्रंथ झाले आणि नियम घट्ट झाला. १९२६ साली निघालेल्या फाउलरच्या प्रसिद्ध कोशात अशा निराधार कृदंतांवर स्वतंत्र नोंद आहे. पण काही कृदंते हळूहळू शब्दयोगी अव्ययांसारखी होतात, हेही तिथे मान्य केले आहे. ‘कन्सिडरिंग’, ‘जनरली स्पीकिंग’, ‘जजिंग फ्रॉम’ ही रूपे कोणत्याही कर्त्याला न चिकटता बिनधोक वापरली जातात. परीक्षेतला विद्यार्थी पाठ केलेला नियम अशा वाक्याला लावून त्याला चूक ठरवतो आणि गुण गमावतो. एका प्रश्नात नियम पाळला म्हणून गुण, दुसऱ्यात पाळला म्हणून शून्य. आणि दोन्हींमधला फरक सांगणारे कोणी नाही.

‘हॅम्लेट’ मराठीत आणले गोपाळ गणेश आगरकरांनी. ‘विकारविलसित’ १८८३ साली प्रसिद्ध झाले. ते आगरकर शेजारच्या अकोल्यात शिकून मॅट्रिक झाले होते, आणि त्यांनीच पुढे ‘वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण’ हे पुस्तक लिहिले. सुधारकाने वाक्याचे अवयव सोडवत बसावे, याचे नवल वाटायला नको. कोणी काय केले आणि कोणावर काय ओढवले हे वाक्यात नीट उलगडता आले नाही, तर समाजातही ते उलगडता येत नाही. वऱ्हाडात शिकून इंग्रजीत पारंगत झालेल्या या माणसाने वाक्यविचार मराठीत मांडला, ही गोष्ट आजच्या इंग्रजी वर्गाने लक्षात घ्यावी अशी आहे.

हरवलेली मुलगी की पिशवी?

मराठीच्या बाजूने बोलताना तिचे दोष झाकण्याचे कारण नाही. ‘मी रस्त्याने जाताना त्याला पाहिले’ यात रस्त्याने कोण जात होते, हे संदर्भाशिवाय कळत नाही. ‘हरवलेल्या मुलीच्या पिशवीचा शोध’ यात हरवले काय, मुलगी की पिशवी? ‘हरवलेला, हरवलेली, हरवलेले’ ही रूपे लिंग-वचन दाखवतात. पण नामाला विभक्ती लागली की सगळ्यांचे ‘हरवलेल्या’ होते आणि खूण पुसली जाते. ‘मुलीच्या हरवलेल्या पिशवीचा शोध’ असे लिहिले की शंका मिटते. म्हणजे कृदंत त्याच्या धन्याजवळ ठेवावे, हा इंग्रजीचा धडा मराठीलाही उपयोगाचा आहे.

आणि ही केवळ साहित्यिक चोखंदळपणाची बाब नाही. २०२३च्या तलाठी भरतीची परीक्षा १०० प्रश्नांची आणि २०० गुणांची होती. त्यात इंग्रजीचे २५ प्रश्न, ५० गुण होते. एवढ्या चुरशीत एकेका प्रश्नाने नोकरी मिळते वा हुकते. निवड झालेला तलाठी गावात जाऊन पंचनामे लिहितो, आणि पंचनामा म्हणजे कृदंतांचे जंगल : अतिवृष्टीने बाधित झालेले, वाहून गेलेले, खरवडून गेलेली, मयत झालेला. ‘वीज पडून मयत झालेल्या शेतकऱ्याच्या बैलाबाबत’ अशी नोंद झाली, तर मेले कोण, शेतकरी की बैल? मदतीची रक्कम त्या एका कृदंताच्या धन्यावर ठरते. ‘आयएनजी’ कुठे लावायचे हे परीक्षेने पारखले. ‘झालेल्या’ कोणाला लावायचे हे पारखलेच नाही. दोन्हींमागचे कौशल्य एकच असताना परीक्षेने त्याचा वरवरचा भाग तेवढा उचलला.

प्रश्न कसा असावा

हा लेख इंग्रजीचे प्रश्न काढून टाका असे म्हणत नाही. कृदंताचा प्रश्न राहावा, पण त्याने अर्थ विचारावा. चूक कोणत्या भागात, एवढे न विचारता ‘या वाक्यात शाळेत कोण जात आहे, आणि लेखकाला कोण अभिप्रेत असावे?’ असे विचारता येईल. बहुपर्यायी परीक्षेतही ‘पुढीलपैकी कोणत्या वाक्यात दोन्ही क्रिया एकाच व्यक्तीच्या आहेत?’ हा प्रश्न सहज बसतो. बारावीला ‘वीज पडून शेतकऱ्याचा मृत्यू’ हा मथळा देऊन त्याचे दोन इंग्रजी वाक्यांत रूपांतर मागावे : एक विजेकडून सुरू होणारे, दुसरे शेतकऱ्याकडून. असा प्रश्न युक्तीने सुटणार नाही. त्यासाठी मुलाला दोन्ही भाषांत, घटनेच्या दोन्ही बाजूंना उभे राहावे लागेल.

तोपर्यंत निदान शिक्षकाच्या हातात एक गोष्ट आहे. विद्यार्थ्याने ‘वॉकिंग टू स्कूल, अ डॉग बिट मी’ लिहिले की लाल रेघ मारण्याआधी त्याच्याकडून तेच वाक्य त्याच्या बोलीत म्हणून घ्यावे. तिथे ते बरोबर का आहे, हे त्याला सांगू द्यावे, आणि मग इंग्रजीत ‘मला’ची जागा कशी बदलते ते दाखवावे. असे केले तर पुढच्या वाक्यात कृदंताचा धनी तो स्वतःच शोधू लागेल.