नाव गंधकाचे, गंध संयुगांचा

मूलद्रव्यांच्या नावांत मला सर्वांत रसाळ वाटते ते ‘गंधक’. पिवळा रंग डोळ्यांत भरणारा, तरी नाव ठेवणाऱ्यांनी कौल दिला तो नाकाला. ‘रसरत्नसमुच्चय’ या रसशास्त्राच्या ग्रंथात या बारशाची कथाच आहे. क्षीरसागराच्या मंथनात अमृताबरोबर हा पदार्थ वर आला, त्याच्या वासाने दैत्य हरखले आणि देवांनी त्याला गंधक म्हटले. पाऱ्याला बांधण्याचे कामही त्याला तिथेच नेमून दिले. पारा आणि गंधक खलात घोटून काळी कज्जली करणारा वैद्य तेच काम पुढे चालवतो. नावाच्या कथेतच संयुग आले, हे मला फार मोलाचे वाटते.

कारण शुद्ध गंधकाला वास जवळजवळ नसतोच! जळताना घशाला झोंबतो तो सल्फर डायऑक्साइड. कुजक्या अंड्यांचा दर्प हायड्रोजन सल्फाइडचा. म्हणजे नाव मूलद्रव्याला मिळाले ते संयुगांच्या पुण्याईवर. याला कुणी नावातली चूक म्हणेल. मी नाही म्हणणार. गंधक सहसा एकटा राहत नाही, दुसऱ्याला धरतो, हे त्या नावाने अचूक टिपले आहे. त्याचे दुसरे नाव ‘शुल्बारि’, तांब्याचा शत्रू, हेही त्याच स्वभावावरून: गंधक लागला की तांबे काळे पडते. (लॅटिन ‘सल्फर’ याच शब्दातून आला, असे छातीठोकपणे सांगितले जाते, पण ते सिद्ध झालेले नाही.)

हा स्वभाव पुरता उलगडतो तो शहाडला. कल्याण सोडून गाडी कसाऱ्याकडे निघाली की पहिले स्टेशन शहाड, आणि तिथे 1950च्या दशकापासून उभा असलेला सेंच्युरी रेयॉन हा रेयॉनच्या धाग्याचा कारखाना. लाकडाचा लगदा कॉस्टिक सोड्यात भिजवतात, त्यावर कार्बन डायसल्फाइडची क्रिया करतात आणि नारिंगी झँथेट तयार होते. ‘झँथॉस’ म्हणजे ग्रीकमध्ये पिवळा. इथे मात्र नाव ठेवणाऱ्याने रंगच पाहिला. हे झँथेट पातळ कॉस्टिकमध्ये विरघळवले की मधासारखा दाट व्हिस्कोस. तो बारीक छिद्रांतून सोडतात गंधकाम्ल, सोडियम सल्फेट आणि झिंक सल्फेट यांच्या कुंडात. तिथे धागा घट्ट होतो आणि डायसल्फाइड सुटून निघून जातो. किती रूपे एका गंधकाची! लाकूड विरघळवणारा तोच, धागा गोठवणारा तोच. आणि धुऊन, स्वच्छ होऊन निघालेल्या रेशमी धाग्यात त्याचा मागमूस उरत नाही. एवढा निरपेक्ष मध्यस्थ रसायनशास्त्रात क्वचितच सापडेल.

पण हे रूप जपूनच पाहायचे. कार्बन डायसल्फाइड 46 अंशांना उकळतो, वाफेच्या तापलेल्या नळालाही पेट घेऊ शकतो आणि वर्षानुवर्षे श्वासात गेला तर मज्जातंतू पोखरतो. सप्टेंबर 2023 मध्ये शहाडच्या याच कारखान्यात या रसायनाच्या टँकरचा स्फोट झाला आणि त्यात कामगारांचा जीव गेला. रेयॉनच्या साडीची झळाळी पाहताना ही माणसे आठवलीच पाहिजेत. शाळेत गंधकाची संयुगे शिकवणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती आहे: फळ्यावर सूत्र लिहाल तेव्हा त्याशेजारी शहाडचे नाव लिहा आणि तिथे काय तयार होते, काय घडले, तेही मुलांना सांगा.